वाघाच्या वॉलपेपरखाली कुल्फी

चंद्रपुरात आइस्क्रीम, वॅफल किंवा कुल्फी-फालुद्याचं छोटं दुकान थाटायला कुणी निघालं, की सजावटवाला पहिल्याच भेटीत ‘जंगल थीम’ पुढे करतो. तिचा मालमसालाही ठरलेला असतो. एका भिंतीवर प्लॅस्टिकच्या गवताची चटई, तिच्यावर गुलाबी निऑन अक्षरांत एखादं इंग्रजी वाक्य, समोरच्या भिंतीवर डरकाळी फोडणारा वाघ, छताला लोंबणाऱ्या कापडी वेली आणि फोटो काढायला कोपऱ्यात झोका. हेच सामान पुण्यातही मिळतं आणि रायपुरातही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश भूभागावर खरं जंगल उभं आहे; तिथल्या दुकानातही जंगल येतं ते गुंडाळीत बांधून, चौरस फुटाच्या भावानं.

दोनशे-अडीचशे चौरस फुटांच्या दुकानाला थीम हवीच का, असा प्रश्न कुणी करील. माझ्या मते हवी. गोड पदार्थ भूक भागवायला कुणी खात नाही. तो बसून, कुणाच्या तरी सोबतीनं खायचा असतो आणि बसायची जागा त्या चवीत मिसळते. पण ही थीम इथल्या उन्हातून, इथल्या सामानातून आणि इथल्या हातांतून यायला हवी. छापील चित्रापासून सुरुवात केली की पुढचं सगळं चुकत जातं.

दुकानाला स्वतःचं रूप असावं ही कल्पना आपल्याकडे काही आजची नाही. महाराष्ट्रातली सर्वांत यशस्वी थीम कुण्या डिझायनरनं काढलेलीच नाही, ती आहे रसवंतीची. पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या कानिफनाथांना मानणाऱ्या मंडळींनी हा धंदा राज्यभर नेला, म्हणून गावोगावी ‘कानिफनाथ’ नाहीतर ‘नवनाथ’ रसवंतीगृह दिसतं. चरकाला बांधलेली घुंगरं, सावलीचा मांडव, दोन बाकडी, एवढाच थाट. उन्हात चालणाऱ्याला हे दुकान दिसण्याआधी ऐकू येतं. मुंबईच्या इराण्यांनी आरसे लावले, कारण आरशांनी लहान जागा मोठी दिसते. संगमरवरी टेबलं ठेवली, कारण ती एका फडक्यात पुसून होतात. चर्चगेटच्या के. रुस्तमकडे सजावट अशी काहीच नाही, पण दोन वेफरच्या मधली आइस्क्रीमची वडी हीच त्याची ओळख. पाचगणीच्या वाटेवर मॅप्रोनं स्ट्रॉबेरीचा आकार दिसेल तिथे वापरला. थोडा भडकपणे, पण शेजारच्या शेतातच स्ट्रॉबेरी असल्यानं तो खोटा वाटत नाही. उलट लंडनच्या ‘स्केच’ या उपाहारगृहाचा गुलाबी दिवाणखाना पाहा. इंडिया महदवी यांनी २०१४ साली केलेली ती खोली जगभर फोटोंतून फिरली, असंख्य गुलाबी दुकानांची आई झाली आणि २०२२ मध्ये मालकांनीच ती पिवळी करून टाकली. रंग बदलणं त्यांना परवडतं. बँकेचं कर्ज काढून दुकान टाकणाऱ्या बल्लारपूरच्या मुलाला दर काही वर्षांनी भिंती उपसणं परवडणारं नाही.

त्यामुळे आधी ऊन.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. पारा ४६-४७ अंशांवर जाणं इथे नवलाचं राहिलेलं नाही. अशा गावात पश्चिमेला तोंड असलेलं, पूर्ण काचेच्या दर्शनी भागाचं दुकान बांधायचं, वर काळं फॉल्स सीलिंग ठोकायचं आणि आत एसी लावायचा, हा शहरी कॅफेचा साचा जसाच्या तसा उचलणं म्हणजे दर महिन्याला वीज कंपनीला भेट पाठवणं. आइस्क्रीम साठवायला उणे १८ अंश लागतात. तेवढी थंडी आत धरून ठेवताना फ्रीझर त्याहून जास्तच गरमी बाहेर टाकत असतो, आणि लहान दुकानात हे ‘बाहेर’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या पाठीशी. फ्रीझरमागे हवा खेळेल एवढी जागा सोडणं, शक्य असेल तर ती गरम हवा मागच्या गल्लीत काढून देणं, हे वॉलपेपरच्या आधी ठरवायचं काम आहे. नकाशात ते क्वचितच असतं.

देशी कूलर हा विदर्भाचा जुना सोबती. पण आइस्क्रीमच्या दुकानात त्याची ओल नडते. कोन मऊ पडतात, फ्रीझरच्या काचेवर घाम येतो, आत बर्फाचे थर चढतात. कूलर बसायच्या छपरीत आणि पदार्थ आतल्या कोरड्या खोलीत, अशी विभागणी केली तर दोन्ही सांभाळता येतं. इथेच पहिली खरी थीम हाती लागते. जुन्या घरांना रस्ता आणि खोली यांच्यामध्ये छपरी असे, वर कवेलू असत आणि उन्हाळ्यात दारावर वाळ्याचे ताटवे टांगून त्यांवर पाणी मारत. दुकानासमोर पाच-सहा फुटांची छपरी, तिला बांबूचा पडदा आणि एप्रिल-मे महिन्यांत वाळ्याचा ताटवा एवढं केलं, तरी गिऱ्हाइकाला आत शिरण्याआधीच ऊन उतरल्यासारखं वाटेल. वाळ्याचा वास ही अशी सजावट आहे की तिचा फोटो निघत नाही. मला तर तो तिचा गुणच वाटतो.

उन्हाच्या जोडीला धूळ. चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्र आहे, दुर्गापूर-पद्मापूर-घुग्घुसच्या कोळसा खाणी आहेत. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं काढलेल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत हे शहर वरच्या क्रमांकांत होतं. प्लॅस्टिकचं गवत ही धूळ धरून ठेवतं आणि ते धड धुताही येत नाही. खायच्या जागी ही चटई म्हणजे उभं लावलेलं पायपुसणंच. ऑक्साइड घोटलेली फरशी, अर्ध्या उंचीपर्यंत टाइल आणि वर दर दिवाळीला नव्यानं मारता येईल असा चुना किंवा साधा रंग, हे कंटाळवाणं वाटेल, पण पाचव्या वर्षीही ते नीटच दिसेल. पदार्थ बनतात त्या भागाला तर पर्यायच नाही. अन्नसुरक्षा नियमांच्या अनुसूची ४ प्रमाणे तिथल्या भिंती-फरशा गुळगुळीत, धुता येण्याजोग्या आणि पाणी न शोषणाऱ्या हव्यात. सारवलेली भिंत, बांबू, गोणपाट यांचे लाड गिऱ्हाइकाच्या बाजूलाच.

आणखी एक अडचण सजावटीच्या चित्रात कधीच दिसत नाही. आइस्क्रीम कंपनी अनामत घेऊन फ्रीझर देते आणि त्यावर तिचा भडक रंग, तिचं नाव आधीच चिकटलेलं असतं. लहान दुकानातली सर्वांत मोठी रंगीत वस्तू तीच. तिला गल्ल्यामागे बांबूच्या जाळीआड ठेवायचं, की तिचाच रंग दुकानाला द्यायचा, हे ठरवल्याशिवाय बाकीच्या रंगांची निवड निरर्थक आहे. उजेडाचंही तसंच. उन्हाळ्यात इथला धंदा सूर्य कलल्यावर सुरू होतो, म्हणजे दुकान मुख्यतः रात्रीच दिसतं. निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्यांखाली केशरी कुल्फी करडी दिसते आणि आमरस आजारी. टेबलावर पिवळसर, रंग खरे दाखवणारा दिवा हवा. निऑन रस्त्यावर चालेल.

आता भिंतीवरच्या चित्रांकडे येऊ. इथेच सर्वांत जास्त घोळ आहे आणि तो चांगल्या हेतूनं झालेला आहे. ‘आपला आदिवासी जिल्हा, आदिवासी चित्र काढा’ असं मालक म्हणतो आणि रंगारी गेरूवर पांढरी त्रिकोणी माणसं काढून देतो. ही वारली शैली. ती डहाणू-जव्हार-तलासरीची, म्हणजे राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगभर गेली, २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मूळचं चित्र लग्नघरात बायका तांदळाच्या पिठानं काढत. मधल्या चौकात पालघाट देवी असे. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया आदिवासीला हे चित्र तितकंच परकं आहे जितकं नागपूरच्या व्यापाऱ्याला.

दुसरा पर्याय म्हणून गोंड चित्र येतं, ठिपक्या-रेघांनी भरलेलं हरीण आणि त्याच्या शिंगांतून फुटलेलं झाड. नावात गोंड आहे, चंद्रपूर गोंड राजांची राजधानी, तेव्हा जमलंच असं वाटतं. पण ही शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या परधान कलावंतांची. जनगढ सिंह श्याम यांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जे. स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणलं आणि तिथून ती कागदावर, कॅनव्हासवर वाढली. चंद्रपूरशी तिचं नातं आहे, पण ते चुलत. दुकानदारानं तिथल्या कलावंताकडून चित्र विकत घेऊन नावासकट लावलं तर उत्तमच. इंटरनेटवरून उतरवून व्हिनाइलवर छापणं ही मात्र उघड उचलेगिरी आहे.

मग इथलं काय? गडचिरोलीच्या माडिया-गोंड घरांत सौंदर्य भिंतीवरच्या चित्रापेक्षा वस्तूंत जास्त सापडतं. पाण्या-आंबिलाचा वाळलेला तुंबा, केसांत खोवायच्या लाकडी फण्या, मण्यांच्या माळा, गोंदणाच्या रेघा, कोरीव खांब, ढोल, बांबूच्या टोपल्या. तुंब्याला भोकं पाडून केलेला दिवा शेजारच्या बस्तरात विकला जातो आणि चार टेबलांच्या दुकानाला तसे सहा दिवे पुरतात. सगळंच उचलावं असं मात्र नाही. गोंडांची कुळं देवांच्या संख्येनुसार विभागलेली आहेत आणि कुळाकुळाचा एखादा प्राणी, एखादं झाड जपलेलं असतं. ती चिन्हं मेन्यूकार्डावर शोभेला छापायची नसतात. मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड आणि खांबही तसेच. माडिया तरुण-तरुणींच्या ‘गोटूल’ या संस्थेचं नाव कॅफेला देण्याचा मोह होईल, पण त्या संस्थेबद्दल बाहेरच्यांनी आधीच इतकं चावट लिहून ठेवलं आहे की त्यात ‘कपल कॉर्नर’ची भर नको.

या बाबतीत एक धडा दुकानातून नव्हे, दवाखान्यातून मिळतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं. आदिवासींना मोठ्या इमारतीच्या इस्पितळाची भीती वाटते, तिथे नातेवाइकांना थारा नसतो, हे लोकांनाच विचारून त्यांच्या लक्षात आलं. म्हणून शोधग्राम या ‘सर्च’च्या आवारातला दवाखाना गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचा झाला, दंतेश्वरी देवीचं नाव त्याला मिळालं आणि रुग्णाचे नातलग सोबत राहू लागले. सजावटीच्या भाषेत ही थीमच म्हणायची. पण ती बघायला येणाऱ्या पाहुण्यासाठी नव्हती, आत शिरायला बिचकणाऱ्या माणसासाठी होती. आठवडी बाजाराला धानोऱ्याहून किंवा एटापल्लीहून आलेलं कुटुंब चकचकीत काचेच्या दाराशी थबकतं का, चपला काढाव्यात की नाही याचा विचार करतं का, हे दुकानदारानं एकदा बाहेर उभं राहून पाहावं. उघडी छपरी आणि मोठ्या अक्षरांतला भाव या दोन गोष्टींनी ती भीड बरीच मोडते.

वाघाबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान, १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीच्या दाराशी पर्यटक वाघासाठीच येतो आणि तिथल्या दुकानात वाघ असणं साहजिक आहे. पण मूल, सिंदेवाही, सावली, ब्रह्मपुरी या तालुक्यांत मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, गुरं चारायला गेलेली माणसं वाघानं मारल्याच्या बातम्या वर्षभर येत राहतात. तिथल्या बसस्थानकासमोर भिंतभर उघडा जबडा लावून त्याखाली पोराला चॉको-बार देणं मला पटत नाही. गावाचा वाघ तसा नसतोच. तो शेंदूर लावलेला वाघोबा असतो. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू वाघाशी झुंजताना गेला अशी आख्यायिका आहे आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. भीती आणि भक्ती यांचं ते नातं वॉलपेपरात मावत नाही. मुलांसाठी प्राणीच हवा असेल तर कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती आहेत, आणि सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला तर चक्क डायनोसॉरचे जीवाश्म सापडले आहेत. डायनोसॉरवर हक्कानं दावा सांगता येईल अशी दुकानं राज्यात किती निघतील?

सामानाच्या बाबतीत हे दोन जिल्हे श्रीमंत आहेत आणि इथली दुकानं गरीब दिसतात, हा विरोधाभास मला सर्वांत जास्त खुपतो. आलापल्ली-बल्लारशाहचा सागवान नव्या संसद भवनापर्यंत गेला, २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला. गावातल्या दुकानात मात्र सनमायका चिकटवलेला भुसा-बोर्ड, जो पहिल्या पावसाळ्यात फुगतो. नवा सागवान महाग आहे हे खरं. पण पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी, कड्या-कोयंडे, खिडक्या जुन्या लाकूडवाल्यांकडे मिळतात. त्यातली एक चौकट गल्ल्याला लावली की बाकी भिंत मोकळी सोडता येते. भद्रावतीला विनोबांच्या प्रेरणेनं कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ मातीकामासाठी नावाजलेला. कुल्फीची मटकी, फालुद्याचे पेले, भिंतीतल्या मातीच्या जाळ्या यांसाठी दूरची बाजारपेठ धुंडाळायला नको. आरमोरीच्या बाजूला ऐन-अर्जुनावर टसरचे कोष वाढवतात. त्या कापडाचा पडदा महाग पडेल, पण दिव्यावरचं झाकण टसरचं करता येईल.

बांबूवर थोडं थांबायला हवं, कारण सगळे त्याच्यापाशी येतात आणि बहुतेक फसतात. इथे मुख्यतः दोन जाती: भरीव, मजबूत मानवेल आणि जाड, काटेरी कटांग. हिरवा बांबू आणून तसाच ठोकला की त्यातल्या पिठूळ सत्त्वावर भुंगा येतो आणि काही महिन्यांत टेबलावर पिवळी पूड पडू लागते. ती फालुद्यात पडली तर धंदा बसला. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून, सावलीत वाळवलेला बांबूच वापरायचा. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात हे शिकवलं जातं. त्याच केंद्राच्या, उभ्या राहत असलेल्या बांबूच्या इमारती २०२१च्या फेब्रुवारीत आगीत जळाल्या, हेही विसरू नये. वॅफलचं यंत्र, गॅस आणि उघड्या वायरी यांच्यापासून बांबू लांब हवा, वायर नळीतून जायला हवी आणि अग्निशामक नळकांडं दिसेल असं टांगलेलं हवं, मग ते थीममध्ये बसो न बसो. काम बुरडाकडून करून घ्यावं. सूप-टोपली विणणारा हात छताची चटई, दिव्याची टोपली, मेन्यूची चौकट सहज विणतो; त्याला नक्षी शिकवण्याच्या भानगडीत पडू नये, त्याची नक्षी मागावी. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकणाऱ्या मेंढा-लेखा गावाच्या जिल्ह्यात चिनी बनावटीच्या ‘बांबू फिनिश’ पट्ट्या लावणं हा विनोद आहे.

थीम मेन्यूत उतरली नाही तर ती नुसती रंगरंगोटी. कोरचीची जांभळं, सीताफळं, जंगलातली चारोळी, मोहफुलांचे लाडू, एवढ्यावर अर्धं मेन्यूकार्ड भरतं. मोहाचं नाव काढलं की लोकांना दारू आठवते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. पण फूल मुळात गोड आहे आणि गावात ते भाजून, उकडून खाल्लंच जातं. मोहफुलाचं आइस्क्रीम ठेवणाऱ्या दुकानाला भिंतीवर जंगल रंगवायची गरज उरत नाही. मार्च-एप्रिलात ताजी फुलं एका सुपात गल्ल्यावर ठेवली की पुरे.

एक थीम मात्र कुणी धड हाताळलेली दिसत नाही, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते: झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर मंडई-शंकरपटांचा हंगाम सुरू झाला की वडसा, म्हणजे देसाईगंज, नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं होतं. गावोगावी रात्रभर प्रयोग रंगतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रंगवलेले पडदे, दणदणीत नावांची पोस्टरं, भडक दिवे. इथे भडकपणा हाच अस्सल आहे, त्याला साधेपणाचा बुरखा नको. एका भिंतीवर पडदे रंगवणाऱ्या कलाकाराकडून महालाचा किंवा बागेचा पडदा रंगवून घ्यावा, त्यापुढे चार इंच उंचीचा ओटा आणि दोन खुर्च्या. फोटो काढायला पोरं येणारच असतील तर झोक्यापेक्षा ही जागा बरी. हंगामात रोज त्या रात्रीच्या प्रयोगाचं पोस्टर लावलं की दुकान आपोआप बातमीदार होतं. चंद्रपूर शहरात हीच जागा परकोटाला देता येईल. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या दरवाजांच्या कमानी आणि त्यांवरची हत्ती-सिंहाची शिल्पं शहरातला प्रत्येक माणूस ओळखतो. गल्ल्यावर एक नीट कमान बांधावी, थर्माकोलची नको.

पाटीला कायद्याची चौकट आहे. २०२२च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. जुन्या पेंटरकडून हातानं रंगवलेलं देवनागरी निऑनपेक्षा स्वस्त पडतं. आतल्या फळ्यावर मात्र गावाप्रमाणे भाषा वाढवावी. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांजवळ बंगाली, आणि एटापल्ली-भामरागडात माडिया जाणणारा मुलगा गल्ल्यावर. भामरागडला तर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद आणि वीजही बेभरवशाची. तिथे फ्रीझरभोवती दुकान आखू नये. लाडू, वड्या, चिक्की यांच्या बरण्यांचं कपाट मध्यभागी ठेवावं, आणि कुल्फीची पेटी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांपुरती छपरीत आणावी.